उताराचा दाखला

कोणत्याही इमारतीची मजबुती तिच्या कागदपत्रांवर अवलंबून असते. खांब, तुळया आणि भिंती ही त्या कागदपत्रांची फाईल भिजू नये म्हणून केलेली तजवीज असते. ही गोष्ट ज्यांना वेळेवर उमजते ते सोसायटीचे सेक्रेटरी होतात, आणि ज्यांना उशिरा उमजते ते अर्ज करत राहतात.

या इमारतीचे सेक्रेटरी पहिल्या प्रकारातले होते. दिवसा ते एका विमा कंपनीत दावे तपासत. समोरचा माणूस जे मागतो ते देता न येण्याचं कारण त्याच्याच कागदांत कुठेतरी असतं, फक्त धीर धरून शोधावं लागतं, हे तिथे त्यांच्या अंगात मुरलं होतं. स्वभावाने मात्र ते मऊ. कुणाला तोंडावर नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येई. म्हणून ते कुणालाच नाही म्हणत नसत. ‘विचाराधीन आहे’ म्हणत. त्यांच्या कारकिर्दीत एकही अर्ज फेटाळला गेला नव्हता. (एकही मंजूर झाला नव्हता, पण तो वेगळा रकाना आहे.)

तळमजल्यावर, मुख्य दाराला लागूनच, बाई राहत. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर त्यांनी शाळेत व्याकरण शिकवलं आणि आसपासच्या दोन पिढ्यांचे कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी बसवले. सेक्रेटरी त्यांच्याच वर्गातले. लहानपणी ते उत्तर बरोबर लिहीत, मग शेजारच्याच्या वहीत डोकावत, आणि तिथे वेगळं दिसलं की आपलं खोडून टाकत. त्यावरून बाईंनी त्यांना खोडरबर असं नाव ठेवलं होतं, आणि अजूनही, कमिटीच्या सभासदांसमोरसुद्धा, त्या त्याच नावाने हाक मारत. सेक्रेटरींना ते लागत असे. पण गुरुजनांना उलट उत्तर आपल्या तोंडून जाऊ नये, म्हणून ते त्यांच्या दारावरून शक्यतो पाय न वाजवता जात.

मग एका आजारपणात बाईंच्या मणक्याने दगा दिला आणि त्या चाकांच्या खुर्चीत बसल्या. तळमजल्याला तळमजला म्हणतात ते त्याच्याखाली दुसरा मजला नसतो म्हणून. तो रस्त्याच्या पातळीवर असतो असा त्याचा अर्थ नाही. बिल्डरने गटाराच्या पाण्याला भिऊन इमारत चांगली उंचावर घेतली होती आणि दारापुढे रुबाबदार पायऱ्या दिल्या होत्या. बाईंना बाहेर जायचं झालं की रखवालदार आणि पलीकडचा लाँड्रीवाला त्यांना खुर्चीसकट उचलून खाली ठेवत.

“कपाट नेताना तुम्ही ‘जपून, जपून’ म्हणता,” बाई त्यांना एकदा म्हणाल्या. “मला नेताना तेवढं तरी म्हणत जा रे.”

तेव्हापासून त्या दवाखान्याखेरीज कुठे जाईनाशा झाल्या. खरं तर त्यांना जायचं होतं ते फार लांब नव्हतं. रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, त्यांची थोरली बहीण राहत होती. तिला सगळे ताई म्हणत. ताईंचं घर जुनं, बैठं, रस्त्याला लागून, उंबरा झिजून सपाट झालेला. दोघी रोज संध्याकाळी आपापल्या खिडकीशी येत, एकमेकींना हात करत आणि मग फोनवर बोलत. आधी ताई स्वतःच रस्ता ओलांडून यायच्या. पण अलीकडे त्यांची नजर जात चालली होती, आणि एकटीने रस्ता ओलांडायचा नाही असं मुलाने बजावून ठेवलं होतं.

“तू खिडकीत आलीस का गं?” ताई फोनवर विचारत.

“आले की.”

“मग हात हलव.”

“हलवतेय.”

“दिसत नाही मला,” ताई म्हणत. “पण हलव.”

बाईंनी अर्ज केला. पायऱ्यांच्या एका बाजूने उतार करून मिळावा, इतकाच. अर्जात एकही अनुस्वार चुकलेला नव्हता, ही बाब इतिवृत्तात कौतुकाने नोंदवण्यात आली. कमिटीने विषय उडवून लावला नाही. रीतसर सर्वेक्षण केलं. सभा गच्चीवर होती. उपस्थितांपैकी शंभर टक्के सभासदांनी पायऱ्यांचा आपल्याला काही त्रास नाही असं हात वर करून सांगितलं. (ज्यांना त्रास होता त्यांचं मत त्यांच्या गैरहजेरीमुळे विचारात घेता आलं नाही.) अध्यक्ष हे व्यवसायाने दातांचे डॉक्टर. तोंडाची शोभा पुढच्या दातांवर असते तशी इमारतीची पुढच्या पायऱ्यांवर असते, आणि चांगला दात काढून तिथे घसरगुंडी बसवणं कोणत्या शास्त्रात बसतं, असा सवाल त्यांनी केला. सभा हसली. अर्जावर ‘सहानुभूतिपूर्वक विचार करण्यात आला’ असा शेरा पडला. सहानुभूती त्याच दिवशी खर्ची पडली. विचार पुढच्या सभेपर्यंत पुरला.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना पालिकेचं पत्र आलं.

पत्रात जुन्या इमारतींचे खांब मजबूत करून घ्यायला सांगितलं होतं. भूकंप आल्यास इमारत पडू नये हा त्यामागचा हेतू, आणि त्याला कुणाची हरकत नव्हती, कारण भूकंप नेहमी दुसरीकडे येतो. खरी गोष्ट शेवटच्या परिच्छेदात होती. जी इमारत हे काम करून पूर्णत्वाचा दाखला घेईल, तिच्यातल्या विनापरवाना बंद केलेल्या बाल्कन्या नियमित करून देण्यात येतील. न घेणाऱ्या इमारतीच्या बाल्कन्या पाडण्यात येतील. आता या इमारतीतली प्रत्येक बाल्कनी खोलीच्या पोटात कधीच गेली होती. अध्यक्षांच्या बाल्कनीत त्यांची ट्रेडमिल होती. सेक्रेटरींच्या बाल्कनीत त्यांच्या मुलीचं अभ्यासाचं टेबल होतं, आणि मुलगी परीक्षेच्या वर्षात होती. भूकंपाने ज्या इमारतीचं काही हललं नसतं ती या परिच्छेदाने मुळापासून हादरली.

दाखल्याला एकच अट जोडलेली होती. इमारतीत चाकांच्या खुर्चीतल्या माणसाला जाण्यायेण्याची सोय असावी, ती अशा माणसाने निरीक्षकासमोर वापरून दाखवावी आणि समाधान झाल्याचं लिहून द्यावं.

“आपल्याकडे एक आहेत ना?” अध्यक्ष सभेत म्हणाले.

“एक काय?” सेक्रेटरींनी विचारलं.

“त्या... तळमजल्याच्या.”

“बाई आहेत.”

“तेच म्हणतोय मी. लोकांकडे नसतात, भाड्याने आणावे लागतात. आपण नशीबवान आहोत.”

त्या दिवसापासून इतिवृत्तातला ‘तळमजल्याची तक्रार’ हा विषय ‘आदरणीय लाभार्थी’ या नावाने लिहिला जाऊ लागला. कमिटी फुलांचा गुच्छ घेऊन बाईंकडे गेली. तुमच्यासारख्या ज्येष्ठांची गैरसोय आम्हाला बघवत नाही, असं अध्यक्ष म्हणाले, आणि ती इतकी वर्षं दिसली नव्हती हे लक्षात घेता त्यात खोटं काही नव्हतं. बाईंनी गुच्छ मांडीवर ठेवून घेतला.

“उतार होणार?” त्यांनी सेक्रेटरींकडे बघत विचारलं.

“होणार, बाई.”

“विचाराधीन नाही ना?”

“नाही, बाई. मंजूर.”

हा शब्द तोंडून बाहेर पडला तेव्हा सेक्रेटरींना स्वतःलाच कसंतरी झालं. बरं वाटलं. इतकं बरं वाटेल याची त्यांना कल्पना नव्हती. असती तर त्यांनी तो शब्द आधीही एखाद्या वेळी वापरून पाहिला असता. संध्याकाळी जिना उतरताना त्यांनी बाईंना फोनवर बोलताना ऐकलं. “ताई, मी येणार गं. नाही, कुणी उचलून नाही आणणार. मी माझी येणार.” त्या रात्री ते दोन घास जास्त जेवले.

मग आर्किटेक्ट आला. तरुण, हुशार, आणि नियमांना घरच्या माणसासारखं ओळखणारा. उतार एकास बारा असा असावा लागतो, त्याने समजावलं. म्हणजे जितकी उंची त्याच्या बारा पट लांबी. समोरच्या अंगणात तेवढी जागा होती. फक्त तिथे अध्यक्षांची गाडी उभी असायची.

“गाडी दुसरीकडे लावता येईल का?” आर्किटेक्टने विचारलं.

सभेत कुणीतरी खोकलं. सेक्रेटरींनी कार्यक्रमपत्रिका चाळून पाहिली आणि गाडी हा विषय त्यात नसल्याचं नम्रपणे निदर्शनास आणलं.

“मग मागे करू,” आर्किटेक्ट म्हणाला.

मागच्या अंगणात पाण्याचा पंप होता, चहूबाजूंनी उंच भिंत होती, आणि बाहेर पडायला फाटक नव्हतं. भिंतीत फाटक काढायचं तर त्यापलीकडच्या गल्लीच्या खात्याची परवानगी हवी. त्या खात्याने कळवलं की फाटक कशासाठी हवं याचा पुरावा म्हणून आधी सोयीचा दाखला जोडावा. सोयीच्या खात्याने कळवलं की दाखल्यासाठी फाटकाची गरज नाही, कारण नियमात उतार ‘प्रवेशपातळीपासून जमिनीच्या पातळीपर्यंत’ असावा एवढंच आहे. कोणती जमीन, आणि त्या जमिनीवरून पुढे माणसाने काय करायचं, याबद्दल नियम मौन बाळगून होता. दोन्ही खात्यांची उत्तरं मुदतीत आली. कारभार किती सुधारला आहे याचा सेक्रेटरींना प्रत्यय आला.

“पण इमारतीच्या कडेने पुढे येता येईल की,” ते आर्किटेक्टला म्हणाले. “बाजूला बोळ आहे.”

“होता,” आर्किटेक्ट म्हणाला. “आता खांबांना काँक्रीटची जाकिटं घालणार ना. खांब फुगतील. माणूस जाईल. खुर्ची नाही जायची.”

“मग बाई जाणार कुठे?”

आर्किटेक्टने नकाशावरून नजर उचलली. हा प्रश्न त्याला अभ्यासक्रमात कुणी विचारला नव्हता. “सर, नकाशा पास होईल,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला.

उत्तर काय आहे हे सेक्रेटरींना त्या क्षणी ठाऊक होतं. गाडी हलवा, असं ते होतं. त्यांनी ते मनात पूर्ण वाक्यात लिहिलंसुद्धा. मग त्यांनी अध्यक्षांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

उतार मात्र देखणा झाला, हे मान्य केलं पाहिजे. चकचकीत पोलादी कठडा, मध्ये विसाव्याला सपाट जागा, पाय घसरू नये अशी खडबडीत फरशी. आंधळ्या माणसाला पायाने वाट कळावी म्हणून वरपासून खालपर्यंत उठावाच्या पिवळ्या फरशांची पट्टी होती. ती पट्टी न चुकता समोरच्या भिंतीपर्यंत जात होती आणि भिंतीच्या हातभर अलीकडे थांबत होती, कारण अडथळ्याआधी सूचना मिळणं बंधनकारक आहे. इमारतीतली माणसं संध्याकाळी सहकुटुंब येऊन उतार बघून जात. पुढच्या पायऱ्यांवर कुणी कधी असं उभं राहून प्रेमाने पाहिलं नव्हतं.

बाईंच्या खिडक्या पुढच्या बाजूला. त्यांना काही दिसत नव्हतं, फक्त ठोकाठोक ऐकू येई आणि ती त्यांना गोड लागे. सेक्रेटरींना दारावरून जाताना एकदा त्यांनी पकडलंच.

“खोडरबर, हा उतार कुठे जातो रे?”

“खाली, बाई.”

“खाली कुठे?”

“जमिनीच्या पातळीवर,” सेक्रेटरी म्हणाले आणि ऑफिसची वेळ झाल्याचं सांगून निघाले. रविवार होता.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी बाई ठेवणीतले कपडे घालून तयार होत्या. मांडीवर एक पिशवी होती. तीत ताईंसाठी लोकरीचे पायमोजे होते. निरीक्षक आले. ते सज्जन होते आणि त्यांच्याकडे टेप होती. त्यांनी उताराची लांबी मोजली, कठड्याची उंची मोजली, पिवळ्या फरशीवरचे उंचवटे बोटाने चाचपले आणि मान डोलावली. मग बाई निघाल्या. कुणाचा हात लागू न देता, चाकांवर स्वतःचे हात ठेवून, त्या उतारावरून खाली गेल्या. कित्येक दिवसांनी त्या स्वतःच्या बळावर इतकं अंतर जात होत्या. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी फोटो काढून घेतला. खुर्ची तळाशी पोचली, पिवळी पट्टी संपली, आणि बाईंच्या समोर भिंत आली.

टाळ्या थोड्या वेळाने थांबल्या.

“आता?” बाईंनी विचारलं.

“आता परत वर,” अध्यक्ष उत्साहाने म्हणाले. “प्रात्यक्षिकात दोन्ही येतं.”

बाईंनी डावीकडे पाहिलं, पंप होता. उजवीकडे पाहिलं, फुगलेला खांब आणि त्याच्या बाजूला माणसापुरती फट होती. मग त्यांनी निरीक्षकांकडे पाहिलं.

“साहेब, रस्ता कुठे आहे?”

“रस्ता आमच्या खात्याकडे नाही, बाई,” निरीक्षक खरोखर वाईट वाटून म्हणाले.

सेक्रेटरींनी समाधानपत्र पुढे केलं. मजकूर त्यांनीच तयार केला होता: ‘सदर सोयीबाबत पूर्ण समाधान व्यक्त करण्यात येत आहे.’ बाईंनी तो सावकाश वाचला.

“कुणाकडून?”

“म्हणजे?”

“समाधान व्यक्त करण्यात येत आहे. कुणाकडून येत आहे? यात कर्ता कुठे आहे? लपवलायस तू त्याला.” त्यांनी कागद परत दिला. “इतकी वर्षं शिकवलं तुला. सही नाही करायची मी.”

त्या स्वतःच खुर्ची वळवून वर जायला लागल्या. चढ एकास बाराच होता, तरी त्यांना वेळ लागला. मदतीला कुणी पुढे झालं नाही, कारण मदत झाली असती तर प्रात्यक्षिक बाद ठरलं असतं.

आता मोठाच पेच पडला. पण नियम माणसाला कधी वाऱ्यावर सोडत नाहीत, फक्त ते नीट वाचावे लागतात. निरीक्षकांनी वाचले. अटीत ‘चाकांच्या खुर्चीतील व्यक्ती’ असे शब्द होते. व्यक्तीने त्या खुर्चीत आधीपासून असावं, किंवा नंतर राहावं, असं कुठे म्हटलेलं नव्हतं.

“सेक्रेटरी बसतील,” अध्यक्ष म्हणाले.

घरी सेक्रेटरींनी बायकोला सांगितलं, आणि सांगताना ते टीव्हीकडे बघत होते.

“तुम्ही बसणार? अपंग म्हणून?”

“व्यक्ती म्हणून. औपचारिकता आहे नुसती.”

“मग डॉक्टर का नाही बसत?”

“त्यांना बरं दिसत नाही ते.”

“आणि तुम्हाला दिसतं,” बायको म्हणाली. बाल्कनीतून मुलीचा मोठ्याने पाठांतर करण्याचा आवाज येत होता. बायकोने तिकडे पाहिलं, सेक्रेटरींनी तिकडे पाहिलं, आणि त्या घरातला हा विषय तिथेच संपला.

खुर्ची कुठून आणायची, एवढं राहिलं होतं. इमारतीत एकच होती. ती मागायला जाण्याचं काम अध्यक्षांनी सेक्रेटरींवर सोपवलं, कारण त्यांची बाईंशी जुनी ओळख होती.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. सेक्रेटरींना वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी तशी तयारीही केली होती. ओरडणं सोसायला सोपं असतं.

“घेऊन जा,” बाई म्हणाल्या. “मी पलंगावर बसते तोवर. मला तेवढं धर.”

सेक्रेटरींनी त्यांना धरून पलंगावर बसवलं. बाई वजनाला इतक्या हलक्या असतील असं त्यांना वाटलं नव्हतं.

“एक करशील? खाली पोचलास की लगेच उठू नकोस. थोडा बस.”

“बसतो, बाई.”

सेक्रेटरींनी शब्द पाळला. निरीक्षकांसमोर ते बाईंच्या खुर्चीत बसून खाली गेले, आणि कर्ता स्पष्ट दिसेल अशा शब्दांत समाधान लिहून दिलं. निरीक्षकांनी शिक्का मारला. सगळे चहासाठी अध्यक्षांच्या घरी वर गेले. सेक्रेटरी बसून राहिले. भिंत जवळ होती. तिच्या गिलाव्याला एक बारीक तडा होता, आणि इतक्या खालून पाहिल्यावर भिंत उभ्या माणसाला दिसते त्याहून पुष्कळच उंच होती. त्यांनी खुर्ची वळवायचा प्रयत्न केला. चाक खांबाला अडलं. तेव्हा आत्ताच्या आत्ता वर जावं, निरीक्षकांच्या हातातला कागद घ्यावा आणि फाडावा, असं त्यांना अगदी स्वच्छ वाटलं.

फोन वाजला. “अहो, चहा निवतोय,” अध्यक्ष म्हणाले.

सेक्रेटरी उठले आणि चालत वर गेले. चाकांच्या खुर्चीत खाली गेलेला माणूस पायांनी वर आला, हा या उताराच्या उपयुक्ततेचा सर्वांत ठोस पुरावा म्हणता येईल. अध्यक्षांनी तसा विनोदही केला, आणि सेक्रेटरी त्यावर सगळ्यांच्या बरोबरीने हसले. चहानंतर बाल्कन्यांची मोजमापं सुरू झाली, त्यात दुपार गेली. खुर्ची खाली भिंतीशी राहिली ती राहिलीच. कुणी मुद्दाम विसरलं नाही. ती कुणाच्या कामाच्या यादीत नव्हती.

बाई पलंगावर बसून होत्या. फोन खिडकीशी होता आणि त्यांच्या हाताला येत नव्हता. संध्याकाळ झाली, फोन वाजला, वाजत राहिला, बंद झाला, पुन्हा वाजला.

पलीकडे ताई रिसीव्हर कानाला लावून थांबल्या, आणि मग मुलाने काय बजावलं होतं ते बाजूला ठेवून बाहेर पडल्या. लाँड्रीवाल्याने त्यांना रस्त्याच्या मध्यावर पाहिलं आणि इस्त्री तशीच टाकून धावला. त्याने हात धरून त्यांना पायऱ्या चढवल्या आणि बाईंच्या दाराशी आणून सोडलं. दोघी बहिणी पलंगावर शेजारी बसल्या. ताईंनी बाईंचा चेहरा हाताने चाचपला.

“वाळलीस गं,” त्या म्हणाल्या. “खुर्ची कुठे तुझी?”

“मागे आहे. उताराच्या तळाशी.”

“मी आणते.”

“तुला दिसणार कसं?”

“बघू तर,” ताई म्हणाल्या.

मागच्या दारात आल्यावर त्यांच्या पायाला उंचवटे लागले. त्या ते धरून चालत गेल्या. पिवळ्या पट्टीने त्यांना एकदाही न चुकवता खाली नेलं आणि भिंतीच्या हातभर अलीकडे सोडलं, जिथे खुर्ची होती. बांधल्यापासून त्या उताराचा काही उपयोग झाला तो हा, आणि पुढे अहवालात ‘दृष्टिबाधित लाभार्थी: एक’ अशी त्याची नोंद घेण्यात आली.

बाईंनी फार सामान घेतलं नाही. पिशवीत पायमोजे अजून तसेच होते. लाँड्रीवाला आणि रखवालदार खुर्ची उचलायला पुढे झाले, तेवढ्यात वरून सेक्रेटरी उतरत होते. त्यांना खुर्चीची आठवण आत्ता झाली होती.

“बाई, मी पण धरतो,” ते म्हणाले.

सेक्रेटरींनी एक बाजू धरली. पायऱ्या उतरताना त्यांना दम लागला; याआधी त्यांनी ही खुर्ची कधी उचलली नव्हती. लाँड्रीवाला दर पायरीला “जपून, जपून” म्हणत होता.

“दिलंस का लिहून?” रस्त्यावर टेकल्यावर बाईंनी विचारलं.

“हो, बाई.”

“काय लिहिलंस?”

“मी पूर्ण समाधानी आहे.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “निदान वाक्य शुद्ध आहे.”

आणि त्या रस्ता ओलांडून ताईंच्या घरी गेल्या त्या तिथेच राहिल्या. ताईंच्या घराला कठडा नाही, विसाव्याची जागा नाही, पिवळी फरशी नाही. सोयीच्या एकाही नियमात ते बसत नाही. फक्त आत जाता येतं.

दाखला यथावकाश आला. बाल्कन्या नियमित झाल्या, मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली. मागच्या उतारावर आता मुलांच्या सायकली आणि रिकाम्या कुंड्या ठेवतात. कठड्यावर चादरी चांगल्या वाळतात. पालिकेने इमारतीला ‘अडथळामुक्त’ असा पितळी फलक दिला. तो मुख्य दारावर लावला आहे आणि वाचायला पायऱ्या चढून यावं लागतं. वार्षिक अहवालात सेक्रेटरींनी लिहिलं: जाण्यायेण्यास अडचण असलेले रहिवासी, गतवर्षी एक, चालू वर्षी शून्य. आकड्यात कुठेही चूक नाही. संध्याकाळी समोरच्या घराच्या एकाच खिडकीत दोघी बहिणी बसलेल्या असतात. सेक्रेटरींनी बाल्कनीला जाड पडदा लावून घेतला आहे. मुलीच्या डोळ्यांवर उजेड येतो, असं ते सांगतात. मुलीची तशी तक्रार नव्हती.

आपण हे इथवर वाचलंत, मधूनमधून त्या कमिटीला हसलात, ते ठीकच झालं. आता जागचं न उठता एक सांगा. आपल्या घराच्या दारापासून रस्त्यापर्यंत पायऱ्या किती? आठवत नाही ना. रोज चढता, रोज उतरता, तरी आठवत नाही, आणि त्यात आपला दोषही नाही. ज्याचे पाय चालतात त्याला पायऱ्या मोजाव्या लागत नाहीत. आपल्या ओळखीतल्या दोनचार जणांना मात्र तो आकडा तोंडपाठ आहे. ते पूर्वी आपल्याकडे यायचे. परवाच जेवताना त्यांचा विषय निघाला, तेव्हा आपणच नाही का म्हणालात, की ते हल्ली येईनासे झाले, माणसं फार बदलली.